कशासाठी उठायचं : प्रस्तावना

'इकिगाई' नावाचं निळ्या मुखपृष्ठाचं पुस्तक आता मराठवाड्यातल्या जवळपास कुठल्याही एसटी स्टँडवर मिळतं. पोलीस भरतीची गाइडं, तलाठी परीक्षेचे प्रश्नसंच आणि त्यांच्या शेजारी हे. घेणारेही बहुतेक तेच, अभ्यासिकेत दिवस काढणारी पोरं-पोरी. हेक्टर गार्सिया आणि फ्रान्सेस्क मिरालेस या दोघांनी ते 2016 मध्ये स्पॅनिशमध्ये लिहिलं. ओकिनावातल्या ओगिमी गावच्या म्हाताऱ्यांना भेटून, त्यांच्या दीर्घायुष्याचं गुपित काय याचा शोध घेत. इकिगाई म्हणजे जपानीत जगण्याचं कारण. मराठीत आल्यावर हे पुस्तक इतकं खपलं की सकाळी कशासाठी उठता, हा प्रश्न व्याख्यानमालांमधून आणि शाळेच्या स्नेहसंमेलनांतूनही विचारला जाऊ लागला.

ज्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसं ऊस तोडायला घर सोडतात, तिथे हा प्रश्न विचारणं म्हणजे जखमेवर मीठ चोळणं, असा आक्षेप तुमच्या हातातल्या या पुस्तकाची जुळवाजुळव चालू असताना अनेकांनी घेतला. आक्षेप रास्त आहे. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, अंगावर असते, गाडी भरायची असते, म्हणून उठायचं. त्यात शोधायचं काय? तरीही हे पुस्तक करावंसं वाटलं. इकिगाईचा ज्यांनी पहिल्यांदा कसून विचार केला त्यांना तो करावा लागला ती जागा ओगिमीपेक्षा बीडला जास्त जवळची आहे, म्हणून.

ती जागा म्हणजे नागाशिमा. जपानच्या ओकायामा प्रांतातलं छोटं बेट. 1930 मध्ये तिथे सरकारने कुष्ठरुग्णांसाठी वसाहत उघडली. मुख्य भूमी हाकेच्या अंतरावर. पूल मात्र झाला 1988 मध्ये. आत गेलेल्याचं घर तुटायचं, बरेच जण घरच्यांना बट्टा नको म्हणून नावही बदलायचे, आणि लग्न करायचं तर आधी नसबंदी. मिएको कामिया या मानसोपचारतज्ज्ञ 1957 पासून तिथे काम करू लागल्या. स्वतः क्षयातून उठलेल्या, मार्कस ऑरेलियसचं चिंतन जपानीत नेलेल्या बाई. त्यांना एका गोष्टीने अस्वस्थ केलं. रोग तोच, कोंडवाडा तोच, ताटातलं अन्न तेच. तरी बहुतेकांना जगण्यात राम उरलेला नव्हता आणि थोडे मात्र चांगले तरतरीत होते. बोटांची संवेदना गेलेले अंध रुग्ण जिभेने ब्रेल वाचायला शिकले होते. सुरुवातीला जीभ रक्तबंबाळ व्हायची, तरी वाचायचे. अशा रुग्णांनी हार्मोनिका वाजवणाऱ्यांचा एक वाद्यवृंदही उभा केला होता.

हे असं का, याचा शोध घेत 1966 मध्ये कामियांनी जे पुस्तक लिहिलं त्याचं नाव साधंच, 'इकिगाईविषयी'. त्यात उपाय सांगण्याची घाई नाही. सुखात असणं वेगळं आणि जगावंसं वाटणं वेगळं, ही त्यांची मुख्य मांडणी. आजचा दिवस वाईट असला तरी पुढे काहीतरी आहे, ही जाणीव माणसाला धरून ठेवते असं त्या म्हणतात. माणसाच्या ज्या गरजा त्यांनी नोंदवल्या त्यांत बदल हवा, भवितव्य हवं, मोकळीक हवी, अशा गोष्टी आहेत. आणि आपल्या असण्याला कुणाचा तरी प्रतिसाद मिळावा ही एक आहे. पगार त्या यादीत नाही.

मग चार वर्तुळांची ती प्रसिद्ध आकृती कुठली? आवडतं काय, जमतं काय, जगाला हवंय काय आणि पैसे कशाचे मिळतात. चारही जिथे मिळतात तिथे इकिगाई. ही आकृती जपानी नाही. आंद्रेस सुसुनागा या स्पॅनिश ज्योतिषाने 2011च्या सुमारास ती काढली तेव्हा मधोमध 'हेतू' असं लिहिलेलं होतं. 2014 मध्ये मार्क विन यांनी तो शब्द काढून तिथे 'इकिगाई' टाकलं, आणि आकृती जगभर गेली. करिअरचा विचार करणाऱ्या तरुणाला तिचा थोडाफार उपयोग होत असेल, नाही असं नाही. पण नागाशिमाचे रुग्ण तिच्यात बसत नाहीत. नातवंडं सांभाळणारी आजी बसत नाही, कोरडवाहू दोन एकरांवर सोयाबीन घेणारा शेतकरीही बसत नाही. ज्यांच्यावरून कल्पना उभी राहिली तेच बाहेर राहतात, अशी आकृती काय कामाची?

कामियांनंतर या विषयाच्या वाटा फुटल्या. मानववंशशास्त्रज्ञ गॉर्डन मॅथ्यूज यांनी 1996च्या पुस्तकात जपानी आणि अमेरिकी माणसांशी बोलून दाखवलं की जपानमध्येच या बाबतीत एकमत नाही. कुणी म्हणतं, कुटुंबात किंवा कंपनीत मिसळून जाणं म्हणजे इकिगाई. कुणी म्हणतं, स्वतःला हवं ते करून दाखवणं. मेंदूशास्त्रज्ञ केन मोगी छोट्या गोष्टींचे: सकाळचा चहा, हातातलं बारीक काम, आत्ताचा क्षण. मोगींसारख्यांचं लेखन वाचायला गोड असतं; सकाळचा चहा कुणी करायचा हा प्रश्न त्यात फारसा येत नाही. तिसरी वाट डॉक्टरांची. मियागी प्रांतातल्या ओसाकी भागात 40 ते 79 वयाच्या 43,391 माणसांना तुमच्या जगण्यात इकिगाई आहे का, एवढंच विचारलं आणि सात वर्षं त्यांचा माग ठेवला. 2008 मध्ये निष्कर्ष छापून आला: 'नाही' म्हणणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण जास्त. हा निष्कर्ष आपल्याकडची वक्तेमंडळी हमखास सांगतात. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट सांगत नाहीत, की 'नाही' म्हणणाऱ्यांत बेकार, कमी शिकलेले, एकटे आणि आधीच आजारी असलेले जास्त होते. म्हणजे इकिगाई नसल्याने माणूस खचला की परिस्थितीने खचलेल्याला इकिगाई उरलं नाही, हे सोडवायला अभ्यासकांनाही बरीच आकडेमोड करावी लागली. आणि जपानी माणसाला कामातच देव दिसतो असं म्हणणाऱ्यांसाठी एक नोंद: अतिश्रमाने होणारे मृत्यू रोखायला त्याच देशाला 2014 मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला.

पाश्चात्त्यांकडची धारा मराठी वाचकाला त्यामानाने ओळखीची आहे. नाझी छळछावणीतून वाचलेले व्हिक्टर फ्रँकल, 1946चं त्यांचं पुस्तक, आणि पुढे सेलिगमन वगैरेंचं सकारात्मक मानसशास्त्र. तिच्यात इथे शिरत नाही.

आपल्याकडे हे सगळं आधीपासून होतं, जपानकडून काय शिकायचं, असं एक मत बीडमध्ये फार ठासून मांडलं जातं. ते निम्मं खरं आहे. अंबाजोगाईला आद्यकवी मुकुंदराजांची समाधी आहे आणि त्याच गावात दासोपंतांची पासोडी आहे. पासोडी म्हणजे अंगावर घ्यायचं जाड कापड. ही सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद, आणि तिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओव्या आणि आकृत्या. विषय पंचीकरण, पंचमहाभूतांपासून देह आणि सृष्टी कशी बनली त्याचा. कुणी फर्माईश करावी असा नव्हे. याच माणसाने 'गीतार्णव' ही सव्वा लाख ओव्यांची गीताटीका लिहिली, आणि शिवाय कापड पसरून बसला. वाचणार कोण, हा आम्हा लिहिणाऱ्यांना रोज छळणारा प्रश्न दासोपंतांना छळत असल्याचं दिसत नाही. शेजारी पाहिलं तर तेरचे गोरोबा चिखल तुडवताहेत, अरणचे सावता माळी मळ्यात आहेत, गंगाखेडच्या जनाबाई दळताहेत. लोकमान्यांनी 1915च्या 'गीतारहस्या'त कर्माची बाजू शास्त्राने लढवली. विनोबांनी 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर जी प्रवचनं दिली, आणि साने गुरुजींनी जी उतरवून घेतली, त्यांत या संतांचा धंदाच त्यांची साधना कसा झाला ते फार सुंदर सांगितलं आहे.

उरलेलं निम्मं डॉ. आंबेडकरांनी सांगितलं. 1936च्या जातिनिर्मूलनावरच्या भाषणात त्यांचा रोख असा, की जिथे काम जन्माने गळ्यात पडतं आणि बदलता येत नाही तिथे माणसाचं मन त्या कामात राहूच शकत नाही. आणि त्यातच धन्यता मान असं त्याला सांगणं हा अन्याय टिकवण्याचा मार्ग होतो. स्वकर्मात देव पाहा, हे सावता माळ्याने स्वतःबद्दल म्हणणं आणि मालकाने सालगड्याला ऐकवणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. इकिगाईवरची व्याख्यानं हा फरक विसरतात, तशीच आमची कीर्तनंही पुष्कळदा विसरतात.

या दोन्ही बाजू एका जागी पाहायच्या असतील तर माजलगावला जावं. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातून सुरू केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. त्यांत माजलगावच्या भीमनगरमधल्या बायकांनी गायलेल्या ओव्या आहेत, बाबासाहेबांवरच्या. विठ्ठलाची, भावाची, माहेराची जी जागा होती तिथे या बायकांनी भीमराव आणून बसवला. दळणाला पावित्र्य होतं म्हणून काही त्या दळत नव्हत्या. दळल्याशिवाय भाकर नव्हती. हात जात्याला बांधलेले, पण तोंड मोकळं. त्या मोकळ्या तोंडाने त्यांनी आपलं जग उभं केलं. पुढे गिरणी आली तेव्हा बायकांनी जातं आनंदाने सोडलं, याबद्दल हळहळणारे सगळे न दळणारे आहेत. या पुस्तकाची भूमिका मी या ओव्यांवरूनच ठरवली. अर्थ कामातच असतो असं नाही. बऱ्याचदा माणूस तो कामाच्या कडेने, कामाला चुकवून, कधी कामाच्या विरोधात मिळवतो.

कारण इथलं मुख्य काम काय आहे ते बघा. पहाटे अंधारात फडावर जायचं. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. माणसांची मोजणीच हत्याराच्या नावाने. त्याने तोडायचं, तिने पाला काढून मोळ्या बांधायच्या, मग मोळी डोक्यावर घेऊन उभ्या फळीवरून ट्रकवर चढायचं. फळी दवाने ओली असते. राहायला कोपी, म्हणजे पाचट नाही तर ताडपत्रीचं खोपट. वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, विकून वरखर्च भागवायचा. आजारी पडलं तर खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीतून वळते. पाळीच्या त्रासात खाडा नको म्हणून आणि डॉक्टरांनी घातलेल्या भीतीने किती बायकांनी 'पिशवी' काढून घेतली ते 2019 मध्ये साऱ्या देशाने वाचलं. नीलम गोऱ्हे यांच्या सरकारी समितीसमोर जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी आली; त्यांतल्या 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. या बाईला पुस्तक देऊन तुझ्या कामात आनंद शोध म्हणणं हे निव्वळ क्रौर्य आहे. पण तिच्याशी बोलायला बसलं की ती आनंद कशात ते सांगते, न विचारता. पोरगी वसतिगृहात दहावीला आहे. गावी घराला स्लॅब पडायचा राहिलाय. भगवानगडाच्या नारळी सप्ताहाला यंदा जायचंय. सगळं पुढचं, सगळं कुणाच्या तरी सोबतीचं. कामिया नागाशिमात नेमकं हेच ऐकत होत्या.

जिल्ह्यात अशीही माणसं आहेत ज्यांची नावं आता सर्वांना ठाऊक आहेत. शिरूर कासार तालुक्यातल्या दहिवंडीचे शब्बीर सय्यद, म्हणजे शब्बीरमामू, यांना 2019 मध्ये पद्मश्री मिळाली. शंभराच्या वर गुरं सांभाळतात. दूध विकत नाहीत. शेणखताच्या पैशावर गाडा ओढतात. बैल द्यायचा तो शेतकऱ्यालाच, आणि थकला की परत आणून सोडायच्या बोलीवर. पाण्यावाचून माणसांचे हाल होतात अशा भागात हे चाललं आहे. अंबाजोगाईला डॉ. द्वारकादास लोहियांनी 1982 मध्ये मानवलोक ही संस्था उभी केली, शैला लोहियांनी एकट्या पडलेल्या बायकांसाठी मनस्विनीचं काम केलं. बीडजवळ पालीला दत्ता आणि संध्या बारगजे एचआयव्हीबाधित मुलांचं घर चालवतात. त्यांची प्रेरणा आमटे कुटुंबाची; आणि बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ 1949 मध्ये मांडलेला आनंदवनाचा डाव हा कुष्ठरुग्णाला आधी काम आणि मान द्या, असाच होता. नागाशिमाला कुंपण होतं, आनंदवनाला नव्हतं. दोन्हीकडचे प्रयत्न साधारण एकाच काळातले, पण एकमेकांची गाठ कधी पडली नाही. पडायला हवी होती असं मला वाटतं.

मात्र या मोठ्या माणसांवर हे पुस्तक उभं केलेलं नाही. त्यांच्यावर लिहिलं गेलं आहे, लिहिलं जाईलही. शिवाय त्यांच्याकडे बघून इतरांना आपलं जगणं आणखीच रिकामं वाटण्याचा धोका असतो.

आत्ताच हा विषय का, याची कारणं जिल्ह्यातच आहेत. पहिलं अर्थातच पोरांचं. पहाटे परळी, केज, गेवराई, कुठल्याही रस्त्यावर भरतीसाठी धावणारी मुलं दिसतात. दुपारी तीच अभ्यासिकेत. जागा थोड्या, अर्ज अफाट. पाच-सात वर्षं तयारीत गेली की वय निघून जातं, लग्न जुळत नाही, शेतात परतायची लाज वाटते. एका परीक्षेत सगळं जगणं ठेवलेल्या या मुलांना इकिगाईचं पुस्तक आणखी एक परीक्षा वाटतं: तेही सापडलं नाही म्हणजे आपणच नालायक. दुसरं म्हातारपणाचं. दिवाळीनंतर आष्टी, पाटोदा, वडवणीकडच्या तांड्यांवर आणि वाड्या-वस्त्यांवर मागे उरतात ती म्हातारी माणसं आणि पोरं. ओकिनावात म्हाताऱ्यांचे मोआई असतात, आपल्या भिशीसारखे, दरमहा पैसे काढून एकमेकांना धरून राहणारे गट. इथे बचत गट आहेत, भजनी मंडळं आहेत, पण हंगामात तीही अर्धी होतात. आणि तिसरं कारण यंत्राचं. ऊसतोडणीची यंत्रं फडात आली आहेत, वाढतही आहेत. कोयता सुटावा असं म्हणणारे आम्ही सगळे. तो सुटला की हातांना काय, याचं उत्तर कुणी तयार ठेवलेलं नाही. बीड म्हटलं की गेल्या काही वर्षांत दुष्काळ, आत्महत्या आणि गुन्हे एवढंच बाहेर ऐकू जातं. त्यात खोटं काही नाही, पण जिल्हा तेवढाच नाही.

पुस्तकाबद्दल आता थोडं. अकराही तालुक्यांतल्या माणसांशी झालेली बोलणी, काही स्वतंत्र लेख आणि थोडी टिपणं असा हा संग्रह आहे. बोलताना इकिगाई हा शब्द आम्ही वापरला नाही. तुमच्या आयुष्याचा अर्थ काय, असं विचारलं की माणूस एकतर लाजतो नाहीतर प्रवचन देतो. म्हणून काल दिवसभर काय केलं, एवढंच विचारत गेलो, आणि बोलणं जिथे लांबलं तिथे थांबलो. कुणी बैलाच्या खांद्यावर लांबलं, कुणी सीताफळाच्या बागेवर, एक बाई लेकीच्या सायकलवर. बोली बदललेली नाही. 'करायलोत', 'जायलाव' हे जसंच्या तसं ठेवलं आहे, प्रमाण मराठीच्या वाचकाने थोडा जोर लावावा. घरच्या माणसांची नावं बदलली आहेत. लेखकांचं आपसांत एकमत नाही. एकाला ही सगळी कल्पनाच पोट भरलेल्यांची करमणूक वाटते, आणि त्याचा लेख मी मुद्दाम पुढे घेतला आहे. नियम, पायऱ्या, तक्ते, रोज सकाळी करायच्या पाच गोष्टी असलं काही आत नाही. ज्यांना ते हवं आहे त्यांच्यासाठी स्टँडवर पुस्तकांची कमी नाही.

वाचकाला एक विनंती करतो. इथली माणसं वाचून 'गरिबीतही किती समाधानी' असं म्हणू नका. जानेवारी 2024 मध्ये साखर संघ आणि मजूर संघटनांच्या बोलणीत तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली. या पुस्तकातल्या बहुतेक ऊसतोड कामगारांनी आम्हाला आधी त्याबद्दल विचारलं, ती हातात कधी पडणार म्हणून. लेकीची सायकल, बैल, सप्ताह हे सगळं त्यानंतर निघालं. त्यांनी लावलेला हा क्रम आम्ही छापतानाही मोडलेला नाही. वाचतानाही तो मोडू नये.